लंब रेषांच्या चढांचा गुणाकार −१ का असतो, आणि आलेखावर काटकोन का दिसत नाही?

प्रश्न : अकरावी विज्ञान

नमस्कार. मी अकरावी विज्ञान शाखेत शिकते. दहावीपर्यंत माझे शिक्षण मराठी माध्यमातून झाले असल्यामुळे शंका मराठीतच विचारते आहे. दहावीच्या निर्देशक भूमितीच्या प्रकरणात दोन बिंदूंवरून रेषेचा चढ काढायला आम्ही शिकलो. समांतर रेषांचे चढ समान असतात, हेही तेव्हाच नीट समजले. चढ म्हणजे रेषेने क्ष-अक्षाच्या धन दिशेशी केलेल्या कोनाचे टॅन गुणोत्तर, आणि समांतर रेषा तो कोन सारखाच करतात, तेव्हा चढ वेगळे असण्याचे कारणच उरत नाही. आता अकरावीत लंब रेषांचा नियम आला आहे, तो असा की परस्परलंब रेषांच्या चढांचा गुणाकार −१ असतो. हा नियम वापरून उदाहरणे सुटतात, परंतु पुढील तीन गोष्टींत मी अडले आहे.

पहिली गोष्ट अशी की वर्गात या नियमाची सिद्धता ‘टॅन (९० + थीटा) = −कॉट थीटा’ या सूत्रावरून देण्यात आली. तिची प्रत्येक पायरी बरोबर आहे हे मला दिसते, तरीही −१ ही संख्या नेमकी कुठून आली, ते मनाला पटत नाही. दुसरी गोष्ट, क्ष-अक्ष आणि य-अक्ष यांच्याइतक्या उघडपणे लंब असलेल्या रेषा दुसऱ्या कोणत्या नसतील, पण क्ष-अक्षाचा चढ ० आहे आणि य-अक्षाचा चढ ठरवता येत नाही, मग त्यांचा गुणाकार −१ कसा म्हणायचा?

तिसरी गोष्ट मला सर्वांत जास्त खटकते. य = २क्ष + १ आणि क्ष + २य = ६ या रेषांचे चढ अनुक्रमे २ आणि −१/२ आहेत, म्हणजे त्या लंब असायला हव्यात. मी त्या आलेख कागदावर काढल्या आणि त्यांच्यातील कोन कोनमापकाने मोजला, तर तो साठ अंशांच्या आसपास भरला. बिंदू पुन्हा तपासले, ते सर्व योग्य जागी आहेत. त्याच कागदावर य = २क्ष + १ ला समांतर अशी य = २क्ष − ३ ही रेषाही काढली होती, आणि ती मात्र अगदी समांतर आली आहे. समांतर रेषांचा नियम कागदावर पाळला जातो आणि लंब रेषांचा पाळला जात नाही, असे का व्हावे?

उत्तर : खडूफळा

तुमच्या तिसऱ्या शंकेचे उत्तर बहुधा तुमच्या आलेख कागदाच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात लिहिलेले असणार. तिथे आपण ‘प्रमाण’ लिहितो. क्ष-अक्षावर १ सेंटिमीटर म्हणजे किती एकक आणि य-अक्षावर किती, हे कृपया पाहून सांगा. तोपर्यंत पहिल्या शंकेकडे वळतो, कारण ती मला अधिक मोलाची वाटते. टॅनचे सूत्र वापरून दिलेली सिद्धता चुकीची नाही, पण तिच्यामध्ये जे घडते ते सूत्राच्या आड दडून जाते, आणि ते उघड करण्यासाठी त्रिकोणमिती लागतही नाही.

जाड कागदाचा एक काटकोन त्रिकोण कापून घ्या, ज्याचा पाया ३ सेंटिमीटर आणि उंची २ सेंटिमीटर असेल. पाया आडवा, उंची उजव्या हाताला आणि कर्ण डावीकडून उजवीकडे वर चढणारा, अशा रीतीने तो आलेख कागदावर ठेवा. कर्णाचा चढ अर्थातच २/३ आहे, कारण ३ उजवीकडे गेल्यावर आपण २ वर जातो. आता कर्णाच्या खालच्या, म्हणजे डावीकडच्या टोकावर टाचणी रोवा आणि तो त्रिकोण घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने बरोबर ९० अंश फिरवा. जो पाया ३ उजवीकडे जात होता, तो आता ३ वर जातो. जी उंची २ वर जात होती, ती आता २ डावीकडे जाते. कर्ण तोच आहे, परंतु त्याच्यावरून चालताना आता २ डावीकडे आणि ३ वर असे जावे लागते, म्हणून त्याचा चढ ३ भागिले −२, अर्थात −३/२ झाला. कर्णाची जुनी आणि नवी जागा यांत काटकोन आहे, कारण आपण तो तेवढाच फिरवला.

या फिरवण्यात दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या. आडवे अंतर आणि उभे अंतर यांनी जागा बदलल्या, म्हणून अपूर्णांक उलटा झाला. आणि ‘वर’ होते ते ‘डावीकडे’ झाले, म्हणून चिन्ह बदलले. ‘उलटा करा आणि चिन्ह बदला’ असे मुले घोकतात, त्यातील ‘उलटा करा’ आणि ‘चिन्ह बदला’ या दोन भागांची ही दोन स्वतंत्र कारणे आहेत. २/३ आणि त्याचा गुणाकार व्यस्त ३/२ यांचा गुणाकार १, आणि वेगळ्या चिन्हामुळे तो −१. तुम्हाला जी संख्या परकी वाटते आहे, ती एवढ्यातूनच येते. त्रिकोण घड्याळाच्या दिशेने फिरवला असता तर पाया खाली आणि उंची उजवीकडे गेली असती, चढ −३ भागिले २ आला असता, म्हणजे उत्तर तेच राहिले असते.

आता कुणी म्हणेल की हे एका त्रिकोणापुरते झाले. त्यासाठी पायथागोरसच्या प्रमेयावरून एक सिद्धता देतो, जी नववी-दहावीचे ज्ञान असलेल्या कोणालाही वाचता येईल. दोन रेषांचे चढ म आणि न आहेत असे समजा. त्या दोन्ही रेषा स्वतःशी समांतर सरकवून आरंभबिंदूतून जातील अशा करा; सरकवल्याने चढही बदलत नाही आणि दोन रेषांमधील कोनही बदलत नाही. पहिल्या रेषेवर क्ष = १ असताना बिंदू (१, म) मिळतो आणि दुसऱ्या रेषेवर (१, न). आरंभबिंदू आणि हे दोन बिंदू मिळून एक त्रिकोण होतो. आरंभबिंदूपासून पहिल्या बिंदूपर्यंतच्या अंतराचा वर्ग १ + म², दुसऱ्या बिंदूपर्यंतच्या अंतराचा वर्ग १ + न², आणि त्या दोन बिंदूंमधील अंतराचा वर्ग (म − न)². आरंभबिंदूपाशी काटकोन असेल तर

(म − न)² = १ + म² + १ + न²

डाव्या बाजूचा विस्तार म² − २मन + न² असा होतो. दोन्ही बाजूंकडून म² आणि न² गेले की −२मन = २ एवढेच उरते, म्हणजे मन = −१. याच पायऱ्या खालून वर वाचल्या तर पायथागोरसच्या प्रमेयाच्या व्यत्यासाने हेही सिद्ध होते की चढांचा गुणाकार −१ असेल तर रेषा लंब असतातच. परीक्षेत बहुतेक वेळा आपण नियम या दुसऱ्या दिशेनेच वापरतो, आणि वर्गात मात्र पहिली दिशा सिद्ध करून थांबतो, हे मला नेहमी अपुरे वाटत आले आहे.

प्रत्यक्ष उदाहरण हवे असेल तर ट(१, २), ठ(४, ४) आणि ड(−१, ५) हे तीन बिंदू घ्या. टठ चा चढ २/३ येतो आणि टड चा चढ ३ भागिले −२, म्हणजे −३/२. गुणाकार −१, म्हणून ट पाशी काटकोन. पडताळा म्हणून बाजूंचे वर्ग काढा: टठ² = ९ + ४ = १३, टड² = ४ + ९ = १३, आणि ठड² = २५ + १ = २६. काटकोन तर आहेच, शिवाय त्रिकोण समद्विभुजही निघाला, जे चढांवरून कळले नसते.

उत्तर : अकरावी विज्ञान

सर, मनःपूर्वक आभार. त्रिकोण कापून फिरवून पाहिला, आणि चिन्ह बदलण्याचे आणि अपूर्णांक उलटा होण्याचे कारण वेगवेगळे आहे हे प्रथमच लक्षात आले. आपण विचारलेले प्रमाण असे आहे: क्ष-अक्षावर १ सेंटिमीटर = १ एकक आणि य-अक्षावर १ सेंटिमीटर = २ एकक. य च्या किमती मोठ्या येत होत्या आणि कागद पुरणार नाही असे वाटले, म्हणून मी तसे घेतले. त्याचा कोनाशी संबंध असू शकतो का?

उत्तर : आलेखप्रेमी

संबंध असू शकतो असे नव्हे, तर सगळा फरक त्याचाच आहे. सर उत्तर देतीलच, पण हा विषय माझ्या रोजच्या कामातला असल्यामुळे मी आधी लिहितो.

य-अक्षावर १ सेंटिमीटरमध्ये २ एकक बसवले, म्हणजे प्रत्येक उभे अंतर कागदावर निम्मे झाले आणि आडवे अंतर जसेच्या तसे राहिले. त्यामुळे कागदावर दिसणारा प्रत्येक चढ खऱ्या चढाच्या निम्मा असतो. आपल्या पहिल्या रेषेचा चढ २ आहे, तो कागदावर १ झाला, म्हणजे रेषा ४५ अंशांत वर चढताना दिसते. दुसरीचा चढ −१/२ आहे, तो −१/४ झाला, म्हणजे ती सुमारे १४ अंशांत खाली उतरते. दोन्हींची बेरीज ५९ अंश. आपण कोनमापकाने मोजलेला कोन अचूक आहे, आणि जे काढले तेही अचूक आहे. फक्त कागदावरचा कोन हा त्या समीकरणांमधला कोन नाही.

समांतर रेषा मात्र का टिकल्या? कारण २ आणि २ या दोन समान संख्यांना निम्मे केले तरी १ आणि १ या समानच राहतात. उभे प्रमाण दुप्पट करा, निम्मे करा किंवा दहापट करा, सगळे चढ एकाच संख्येने गुणले जातात आणि समानता तशीच राहते. गुणाकाराचे तसे नाही. दोन्ही चढ निम्मे झाले की गुणाकार चौथाई होतो. −१ चा −१/४ होतो, आणि लंबता जाते. दोन्ही अक्षांवरील प्रमाण काय घेतले आहे, याच्याशी समांतरतेला काही देणेघेणे नाही. लंबतेला मात्र दोन्ही अक्षांवर एकच प्रमाण लागते. पाठ्यपुस्तकात हे दोन नियम एकापाठोपाठ येतात, म्हणून ते सारख्याच जातीचे वाटतात, परंतु तसे ते नाहीत. सरांच्या सिद्धतेतही हा भेद दिसतो: समांतर रेषांसाठी लांबी मोजावी लागत नाही, लंब रेषांसाठी पायथागोरस लागतो, आणि पायथागोरसचे प्रमेय लावायचे तर आडवे अंतर आणि उभे अंतर एकाच मापाने मोजलेले असले पाहिजे.

सांख्यिकीचे आलेख काढताना आपण दोन्ही अक्षांवर वेगवेगळे प्रमाण सर्रास घेतो आणि तिथे ते योग्यच असते, कारण आडव्या अक्षावर वर्षे आणि उभ्या अक्षावर टन असतील तर त्यांच्यामधील कोनाला काही अर्थ नसतो. भूमितीच्या आलेखात मात्र कोन मोजायचा असेल किंवा काटकोन दाखवायचा असेल, तर दोन्ही अक्षांवर एकच प्रमाण ठेवावे; कागद कमी पडत असेल तर दोन्हींवर १ सेंटिमीटर = २ एकक घ्यावे. संगणकावर काम करणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे. एक्सेलमध्ये आलेख काढला की चौकटीत बसावा म्हणून दोन्ही अक्षांचे प्रमाण आपोआप वेगवेगळे ठरते. जिओजेब्रामध्ये सुरुवातीला दोन्ही अक्षांवर प्रमाण एक असते, पण एकच अक्ष ओढून ताणला की लगेच बिघडते. वर्तुळ काढून पाहावे; ते लंबगोल दिसले तर काटकोनही काटकोन दिसणार नाही.

उत्तर : रूळमार्ग

अक्षांविषयीच्या दुसऱ्या शंकेला अजून कोणी हात घातलेला नाही, म्हणून त्यावर लिहितो. मी रेल्वेच्या रूळमार्ग विभागात काम केले आहे आणि चढ हा शब्द आमच्याकडे कागदावरचा नसून जमिनीवरचा आहे. कर्जत ते लोणावळा या बोरघाटात आणि कसारा ते इगतपुरी या थळघाटात मार्गाचा चढ जास्तीत जास्त ३७ ला १ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेल्यावर १ मीटर उंची वाढते. तेवढ्यासाठी गाडीला मागून जादा इंजिने जोडावी लागतात, ज्यांना आम्ही बँकर म्हणतो. गणिताच्या भाषेत हा चढ १/३७ झाला, आणि कोन काढला तर तो जेमतेम दीड अंशाचा भरतो.

या रुळाला काटकोनात एक रेषा काढली, तर तिचा चढ −३७ येईल, आणि ती रेषा उभ्या दिशेपासून तेवढीच, म्हणजे दीड अंश, कललेली असेल. रुळाशेजारचे विजेचे खांब ओळंब्यात उभे केलेले असतात, ते रुळाला लंब नसतात. त्यांचा चढ ठरवताच येत नाही. आता हा घाट हळूहळू सपाट होत जातो अशी कल्पना करा. चढ १/१०० झाला की लंब रेषेचा चढ −१००. १/१००० झाला की −१०००. मार्ग जेवढा सपाट, तेवढी लंब रेषा अधिकाधिक ताठ आणि तिच्या चढाचा आकडा मोठा, पण गुणाकार प्रत्येक वेळी −१ च. मार्ग पूर्ण सपाट झाला की पहिला चढ ० होतो आणि दुसऱ्या बाजूला कोणतीच संख्या उरत नाही. उतारावरून सपाटीकडे आलो, म्हणजे −१/१०००, −१/१०००० असे शून्याकडे आलो, तर लंब रेषेचा चढ १०००, १०००० असा धन बाजूने वाढत जातो. एका बाजूने ऋण आणि दुसऱ्या बाजूने धन असे आकडे फुगत जातात, म्हणून ‘उभ्या रेषेचा चढ अनंत आहे’ असे म्हणून सुटकाही करून घेता येत नाही. धन अनंत की ऋण अनंत, हा प्रश्न उरतोच.

तेव्हा अक्षांच्या बाबतीत नियम खोटा ठरत नाही. तो तिथे लागूच होत नाही. पूर्ण विधान असे आहे: दोन्ही रेषांपैकी एकही य-अक्षाला समांतर नसेल, तर त्या लंब असण्यासाठी चढांचा गुणाकार −१ असणे आवश्यक आणि पुरेसे आहे. वर खडूफळा सरांनी प्रत्येक रेषेवर क्ष = १ असताना मिळणारा बिंदू घेतला आहे, ते पाहा. आरंभबिंदूतून जाणाऱ्या उभ्या रेषेवर असा बिंदूच नसतो, कारण तिच्यावर सगळीकडे क्ष = ० असते. सिद्धता जिथे अडते, तिथेच नियमाची अट आहे.

उत्तर : सीईटी मार्गदर्शक

वरील चर्चा उत्तम आहे, पण माझा अनुभव असा की प्रवेश परीक्षेची तयारी करणाऱ्यांनी चढ काढण्याच्या भानगडीत कमीत कमी पडावे. रेषा सर्वसाधारण रूपात दिलेल्या असतील, म्हणजे पहिली प × क्ष + फ × य = ब आणि दुसरी त × क्ष + थ × य = द अशी असेल, तर लंबतेची अट प × त + फ × थ = ० एवढीच आहे. क्ष चे सहगुणक एकमेकांशी गुणा, य चे सहगुणक एकमेकांशी गुणा, बेरीज शून्य आली तर रेषा लंब. क्ष-अक्षाचे समीकरण य = ०, म्हणजे सहगुणक ० आणि १; य-अक्षाचे क्ष = ०, म्हणजे सहगुणक १ आणि ०. ० × १ + १ × ० = ०, तेव्हा अक्षही लंब ठरले आणि कोणताही अपवाद सांगावा लागला नाही. समांतरतेसाठी प × थ = फ × त.

याच पद्धतीने समीकरणेही झटपट लिहिता येतात. ३क्ष + ४य = १२ ला समांतर आणि (२, −१) मधून जाणारी रेषा हवी असेल, तर डावी बाजू तीच ठेवा आणि बिंदू घालून उजवी बाजू काढा: ३ × २ + ४ × (−१) = २, म्हणून ३क्ष + ४य = २. त्याच बिंदूतून जाणारी लंब रेषा हवी असेल, तर सहगुणकांची अदलाबदल करून एकाचे चिन्ह बदला: ४क्ष − ३य, आणि बिंदू घातल्यावर ८ + ३ = ११, म्हणून ४क्ष − ३य = ११. चढ काढला नाही, अपूर्णांक आला नाही.

उत्तर : खडूफळा

मार्गदर्शकांची पद्धत बिनचूक आहे आणि मी ती वर्गात शिकवतही असे, परंतु चढ समजण्यापूर्वी ती हाती देऊ नये असे माझे ठाम मत आहे. ज्या मुलाला सहगुणकांची अदलाबदल तेवढी येते, त्याला दोन बिंदू देऊन तिसरा बिंदू काटकोनात आहे का असे विचारले, की तो आधी समीकरण शोधत बसतो.

शिवाय एक खोड मी वर्षानुवर्षे उत्तरपत्रिकांमध्ये पाहिली आहे, ती इथे नोंदवण्यासारखी आहे. ३क्ष + ४य = १२ या रेषेचा चढ −३/४ आहे, पण पुष्कळ मुले उणे चिन्ह विसरून ३/४ लिहितात, आणि दुसऱ्या रेषेच्या बाबतीतही तेच करतात. आता गंमत अशी की दोन्ही चढांची चिन्हे चुकली तरी समान चढ समानच राहतात आणि गुणाकारही बदलत नाही, कारण दोन उणे चिन्हे एकमेकांना खाऊन टाकतात. म्हणून ‘रेषा समांतर आहेत का, लंब आहेत का’ या प्रश्नांची उत्तरे सगळी बरोबर येतात आणि चूक वर्षभर लपून राहते. पुढे एका रेषेचा चढ समीकरणावरून आणि दुसरीचा दोन बिंदूंवरून काढावा लागला, की ती एकदम उघडी पडते. त्यामुळे चढ विचारला असेल तेव्हा समीकरण आधी य = … या रूपात मांडावे आणि मगच क्ष चा सहगुणक वाचावा; दोन ओळी जास्त लागतात, पण चिन्ह हरवत नाही.

समांतर रेषांविषयीही एक सावधगिरी हवी. य = २क्ष + ५ आणि ४क्ष − २य + १० = ० यांचे चढ समान आहेत म्हणून त्या समांतर आहेत असे लिहिणे अपुरे आहे. दुसरे समीकरण २ ने भागून मांडले तर ते पहिलेच समीकरण निघते. ही एकच रेषा आहे. चढ समान आल्यावर रेषा भिन्न आहेत हे एका ओळीत दाखवावे. तीन बिंदू एकरेषीय आहेत हे आपण दहावीत याच गोष्टीचा फायदा घेऊन दाखवतो: (−१, ३), (१, ७) आणि (४, १३) यांमध्ये पहिल्या दोघांचा चढ ४/२ = २ आणि पुढच्या दोघांचा ६/३ = २. हे दोन रेषाखंड समांतर नाहीत, कारण (१, ७) हा बिंदू दोन्हींमध्ये आहे, म्हणून ते एकाच रेषेवर असले पाहिजेत.

उत्तर : अकरावी विज्ञान

सर्वांची मी अत्यंत ऋणी आहे. या चर्चेतून एक नवीन प्रश्न निर्माण झाला, तो विचारते. आमच्या सराव प्रश्नसंचात असे उदाहरण आहे: ३क्ष + (क − २)य = ७ आणि (क − २)क्ष + (क + १)य = ५ या रेषा परस्परलंब असतील तर क ची किंमत काढा. मी चढ काढून सोडवले. पहिलीचा चढ −३/(क − २), दुसरीचा −(क − २)/(क + १). गुणाकार करताना (क − २) वर आणि खाली आल्यामुळे छाटले गेले आणि ३/(क + १) = −१ उरले, म्हणून क = −४. उत्तरसूचीत मात्र क = २ किंवा क = −४ असे दिले आहे. दुसरी किंमत कशी मिळाली?

उत्तर : खडूफळा

हे उदाहरण ज्यांनी रचले त्यांनी वरच्या सगळ्या चर्चेचा मुद्दा एका ओळीत बसवला आहे. तुम्ही ज्या क्षणी पहिल्या रेषेचा चढ −३/(क − २) असा लिहिला, त्याच क्षणी क = २ नाही असे गृहीत धरले, कारण शून्याने भागता येत नाही. नंतर (क − २) छाटले तेव्हा तेच गृहीतक दुसऱ्यांदा वापरले गेले. क = २ ही किंमत तुमच्या उत्तरातून निसटली नाही; ती पहिल्याच ओळीत बाहेर ठेवली गेली.

मार्गदर्शकांची अट लावा: ३(क − २) + (क − २)(क + १) = ०. सामाईक अवयव काढला की (क − २)(क + ४) = ०, म्हणून क = २ किंवा क = −४. इथे मी त्यांची पद्धत निःसंकोच उचलतो. क = २ घातल्यावर पहिली रेषा ३क्ष = ७ होते, जी उभी आहे, आणि दुसरी ३य = ५, जी आडवी आहे; त्या लंब आहेत हे उघड आहे. क = −४ घातल्यावर ३क्ष − ६य = ७ आणि −६क्ष − ३य = ५ मिळतात, चढ १/२ आणि −२, गुणाकार −१.

चढाच्याच पद्धतीने लिहायचे असेल तर उत्तरपत्रिकेत दोन भाग करावेत. पहिल्या भागात लिहावे: ‘क = २ असल्यास पहिल्या रेषेच्या समीकरणात य चा सहगुणक शून्य होतो, म्हणून ती य-अक्षाला समांतर आहे; त्याच वेळी दुसऱ्या समीकरणात क्ष चा सहगुणक शून्य होतो, म्हणून ती क्ष-अक्षाला समांतर आहे; अतः रेषा लंब आहेत.’ दुसऱ्या रेषेच्या चढात छेदस्थानी (क + १) आहे, तेव्हा क = −१ हीही किंमत तपासून टाकावी: दुसरी रेषा −३क्ष = ५ अशी उभी होते, पहिली ३क्ष − ३य = ७ होते जिचा चढ १ आहे, म्हणून रेषा लंब नाहीत आणि ही किंमत बाद होते. त्यानंतर ‘क = २ नाही आणि क = −१ नाही असे मानू’ असे स्पष्ट लिहून तुमची आकडेमोड जशीच्या तशी ठेवावी.